पेटी 'अ', पेटी 'ब' आणि आपलं गाव

व्यसनावर संशोधन करायचं असेल तर नादिया चौधरी आणि सहकाऱ्यांचा २००८ चा 'बायोलॉजिकल सायकिअ‍ॅट्री'मधला पेपर वाचाच. वाचा म्हणजे मेथड्सपासून वाचा, नुसता अ‍ॅबस्ट्रॅक्ट नको.

प्रयोग असा. 'अ' पेटीत एक ठरावीक आवाज झाला की उंदराला १० टक्के इथेनॉल मिळतं. दुसऱ्या आवाजानंतर काहीच नाही. मग 'ब' पेटी. तिचा वास वेगळा, दिसणं वेगळं, पायाखालचा स्पर्श वेगळा. आवाज तेच, पण दारू बंद. हळूहळू उंदीर द्रव येणाऱ्या पोर्टमध्ये तोंड घालणं सोडतो. यालाच एक्स्टिंक्शन म्हणतात. शेवटी त्याला परत 'अ' पेटीत सोडतात. दारू अजूनही नाही, तरी आवाज झाला की तो पुन्हा पोर्टकडे जातो. म्हणजे शिकलेलं पुसलं गेलंच नव्हतं.

यातला दुसरा आवाज मला सगळ्यात आवडतो. जुन्या पेटीत आल्यावर उंदीर नुसताच उत्तेजित झाला असता, तर दोन्ही आवाजांना तो सारखाच धावला असता. पण वाढ दिसली ती दारूच्या आवाजालाच. आपल्याकडच्या किती सिनॉप्सिसमध्ये असा कंट्रोल असतो, जरा बघा.

आता तक्रार. शीर्षकात 'रिलॅप्स' हा शब्द आहे, पण मोजलं काय? पोर्टमध्ये शिरण्याचे वेळा. उंदीर त्या चाचणीत एक थेंबही प्यालेला नाही. आणि तो पेटीत स्वतःहून गेला नाही, त्याला उचलून ठेवलं.

सेमिनारमध्ये मग सरळ जोडणी होते: अकोल्याचं व्यसनमुक्ती केंद्र म्हणजे 'ब' पेटी अन् मूर्तिजापूरकडचं गाव म्हणजे 'अ'. ऐकायला पटतं. गावी पानठेला तोच, भट्टीचा रस्ता तोच, पोळ्याची करही तीच. पण 'ब' पेटीत उंदराने तो आवाज दारूविना पुन्हा पुन्हा ऐकला होता. केंद्रातल्या माणसासमोर ना भट्टी येते, ना जुने सोबती. त्याचं एक्स्टिंक्शन झालंच नाही, तो फक्त लांब राहिला. या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत आणि त्यांची प्राणी-मॉडेल्सही वेगळी आहेत. मुलाखतीत हा फरक विचारला तर अडखळू नका.

अजून एक गोष्ट खटकते. २०१८ मध्ये 'सायन्स'मध्ये ओझिए आणि सहकाऱ्यांनी उंदरांना दारू किंवा गोड सॅकरिन असा पर्याय दिला. दारूची सवय लागलेल्यांपैकीही जवळपास १५ टक्केच दारूला चिकटून राहिले, बाकीचे गोडाकडे वळले. २००८ च्या पेटीत त्या पोर्टशिवाय करण्यासारखं दुसरं काही ठेवलेलंच नव्हतं.