चिनी भाषेचे दुसरे पुस्तक : मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने एक विचार

चिनी भाषेचे पहिले पाठ्यपुस्तक कोणते घ्यावे, याविषयी फारसा वाद संभवत नाही. उच्चार, सूर, साधी वाक्यरचना आणि काही शेकडा चिन्हे एवढी सामग्री बहुतेक पुस्तके थोड्याफार फरकाने देतातच. खरी अडचण दुसऱ्या पुस्तकाची आहे. चीनमध्ये २०१० साली प्रचारात आलेल्या परीक्षाक्रमात तिसऱ्या पातळीस ६००, चौथीस १२०० आणि पाचवीस २५०० शब्द अपेक्षित होते. पायरीगणिक ओझे दुप्पट होते, हे या आकड्यांवरूनच दिसते. पहिले पुस्तक उत्तम रीतीने संपविलेला विद्यार्थी वृत्तपत्र उघडतो आणि पहिल्या परिच्छेदातच थांबतो. पुष्कळांचा अभ्यास सुटतो तो येथेच, आणि त्याचा दोष विद्यार्थ्याच्या चिकाटीपेक्षा पुष्कळदा पुस्तकाच्या निवडीकडे जातो.

पहिल्या मालेचाच पुढला भाग घ्यावा, असा सल्ला सामान्यतः दिला जातो. ल्यू श्युन यांनी संपादिलेली, २००२ पासून बेजिंगहून प्रसिद्ध झालेली ‘न्यू प्रॅक्टिकल चायनीज रीडर’ ही सहा भागांची माला या बाबतीत प्रमाण मानली जाते. तिची रचना व्यवस्थित आहे. परंतु ती वर्गासाठी आहे. पाठातला संवाद दोघांनी म्हणावा, शिक्षकाने अडवावे, चूक सुधारावी, असे तिच्यात गृहीत आहे. भिवंडी तालुक्यात गणेशपुरीस राहून एकट्याने चिनी शिकणारा अभ्यासक कल्पिला, तर हे गृहीतच ढासळते. त्याला संवादाहून सलग गद्य अधिक उपयोगी, आणि नव्या शब्दांच्या लांब यादीपेक्षा जुन्या शब्दांची वारंवार भेट अधिक मोलाची.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे जवळजवळ कोणाचेच लक्ष जात नाही. आपल्याकडे वापरात असलेली पुस्तके इंग्रजी वाचकासाठी लिहिलेली आहेत. म्हणून जे इंग्रजाला कठीण ते त्यांत विस्ताराने येते, आणि मराठी माणसाजवळ जे आधीच आहे ते त्याला परके करून शिकविले जाते. रोमन लिपीत ‘बी’ आणि ‘पी’ या अक्षरांनी दाखविलेला चिनी भेद हा वस्तुतः प आणि फ यांचा, अल्पप्राण-महाप्राणाचा भेद होय. चीनच्या राजधानीचे नाव तेथील उच्चारात ‘पेइचिंग’च्या जवळ जाते; इंग्रजी वळणाने वाचणारा मराठी विद्यार्थी मात्र हातचा प सोडून ब म्हणतो. ‘चमचा’तला च आणि ‘चंद्र’तला च यांतील फरक ज्याच्या जिभेवर आहे, त्याला चिनी दंत्य आणि तालव्य वर्णांतील भेद मुळापासून शिकविण्याचे कारण नाही. (दंत्य च चा महाप्राण मात्र मराठीत नाही, तो कष्टाने साधावा लागतो. सुरांच्या बाबतीत तर मराठीचे काहीच साहाय्य होत नाही.)

वाक्यरचनेत हे साम्य अधिक खोल जाते. ऐकणाऱ्याला धरून बोलावयाचे ‘च़ान्मन’ आणि ‘वोमन’ हा उत्तरेकडील चिनी बोलीतला भेद समजावताना इंग्रजी टीपकाराची तारांबळ उडते. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ म्हटले की काम झाले. ‘खान पु वान’ या प्रयोगाला इंग्रजी पुस्तके ‘संभाव्य पूरक’ अशा अर्थाचे नाव देऊन त्यावर पानेच्या पाने खर्ची घालतात. त्याचा अर्थ ‘वाचून होत नाही’ एवढाच. मध्यम पायरीवर खरा अडसर ठरतात ती लांबलचक विशेषणवाक्ये. ‘काल विकत घेतलेले पुस्तक’ या मराठी पदसमूहाचा क्रम चिनी क्रमाशी जुळतो : आधी काल, मग विकत घेणे, मग जोडणारा ‘त’, शेवटी पुस्तक. इंग्रजी टीप वाचून विद्यार्थी त्याचे मनात ‘जे पुस्तक काल घेतले ते’ असे करतो, आणि सरळ वाक्याला उगाच वळसा घालतो. तेव्हा दुसऱ्या पुस्तकाची परीक्षा त्यातील टिपांवरून करू नये. टिपा झाकून पाठ किती वाचता येतो, यावरून करावी.

चिन्हांवर रोमन उच्चार छापणारी पुस्तके या पायरीवर टाळावीत. गणेशपुरीच्या आश्रमात परदेशी साधक रोमन लिपीतल्या प्रतीवरून गुरुगीतेचे पठण करीत आले आहेत. पठण हाच हेतू असल्यामुळे तेथे ती सोय योग्यच आहे. पण त्या प्रतीने नागरी वाचता येईल अशी अपेक्षा कोणी धरीत नाही. चिनी वाचनपुस्तकात मात्र हीच सोय ठेवून उलटी अपेक्षा धरली जाते. डोळा सोप्या ओळीकडेच जातो.

या कसोट्या लावल्या असता जॉन डीफ्रान्सिस यांची जुनी माला आजही पुढे राहते. ‘इंटरमीजिएट चायनीज’ (१९६४) हे बोलीसाठी आणि ‘इंटरमीजिएट चायनीज रीडर’ (१९६७) हे वाचनासाठी, अशी त्यांनी दोन्ही अंगे वेगळी केली. वाचनमालेतील तिन्ही पायऱ्यांवर ४००-४०० चिन्हे आहेत, म्हणजे एकूण १२०० फक्त. परंतु प्रत्येक चिन्ह इतक्या वेगवेगळ्या जोडशब्दांत परत येते की एकट्या अभ्यासकाला ते विसरणे कठीण व्हावे. तिचे दोषही लहान नाहीत. तिच्यातला समाज साठ वर्षांपूर्वीचा आहे, मजकूर कित्येक ठिकाणी कंटाळवाणा आहे, आणि मुख्य पाठ पारंपरिक लिपीत आहेत. चीनमध्ये १९५६ पासून सुलभ लिपीचा स्वीकार झाला. व्यापार-उदिमासाठी चिनी शिकणाऱ्याला हा शेवटचा दोष जाचेल, आणि त्याने बेजिंगची मालाच शिक्षक गाठून पुरी करावी, हे बरे.

पाली किंवा बौद्ध विद्येकडून येणाऱ्याची गोष्ट निराळी. पुण्यास पु. वि. बापट यांनी ‘विमुत्तिमग्ग’ आणि ‘विसुद्धिमग्ग’ यांचा तौलनिक अभ्यास १९३७ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात पहिला ग्रंथ चिनी भाषांतराच्या रूपानेच हाती होता. जवळचा पाली ग्रंथ शेजारी ठेवून अपरिचित चिनी पाठ उलगडणे, हीही दुसऱ्या पुस्तकाची एक रीत आहे. आजची बोली तिने येत नाही. पण १९२४ ते १९३४ या काळात जपानमध्ये छापलेले तायशो त्रिपिटक याच पारंपरिक लिपीत आहे, आणि डीफ्रान्सिस यांची वाचनमाला संपविलेल्याला त्या पानांवरची बरीच चिन्हे ओळखीची वाटतात.