जुन्या लाकडाचा रंग

लाकूड म्हटले की तपकिरी रंगाची बाटली उघडावयाची, ही रीत आमच्याकडे इतकी मुरली आहे की तिच्याविषयी तक्रार करणे हा विक्षिप्तपणाच ठरावा. पनवेलच्या शेजारी पेण आहे. तेथील मूर्तिकार गणपतीच्या डोळ्यांची आखणी ज्या एकाग्रतेने करतात तिचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण त्याच गणपतीचा चौरंग लाकडी दाखवावयाचा झाला, म्हणजे त्यावर बहुधा एकच सपाट हात फिरतो. दिवाळीच्या किल्ल्यावरील मावळ्यांच्या भाल्यांची गतही याहून निराळी नाही. अशा स्थितीत पनवेलच्या एका तरुणाने रंगविलेल्या तीन चिमुकल्या मूर्ती आमच्या पाहण्यात आल्या, आणि त्यांतील लाकडाविषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

मूर्ती अद्भुत सृष्टीतल्या आहेत: एक ढालाईत राक्षस, पाठीवर पिंप घेतलेला एक बुटका, आणि गाडा ओढणारा एक वेताळ. १९८३ साली इंग्लंडात निघालेल्या वॉरहॅमर या खेळाने असल्या मूर्ती रंगविण्याचा नाद देशोदेशी पसरविण्यास मोठा हातभार लावला. त्यांची उंची सुमारे २८ मिलिमीटर. या तिन्ही कृत्रिम राळेच्या आहेत. लाकडाचा त्यांत अंशही नाही.

येथे रस्किनची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथात, एका पदार्थास रंग देऊन तो दुसराच असल्याचा भास उत्पन्न करणे ही वास्तुकलेतील लबाडी म्हणून त्याने धिक्कारली आहे. मग राळेचे लाकूड करणारा आमचा तरुण लबाड ठरतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. जेथे रंग हा रंग म्हणून उघड कबूल केलेला असतो तेथे फसवणूक नाही, ही सवलत रस्किननेच दिलेली आहे; आणि बोटाएवढ्या राक्षसाची ढाल खरोखरच सागवानी आहे असे कोणता शहाणा समजेल? लबाडी असलीच तर ती निराळ्या ठिकाणी आहे. न पाहिलेली वस्तू पाहिल्याचा आव आणणे, ही ती लबाडी होय.

ढालीत ती नाही. तिच्या फळ्या तपकिरी नसून करड्या आहेत, आणि तेच यथार्थ आहे. लाकडाच्या तंतूंना बांधून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य उन्हाने विघटित होते, पाऊस ते धुऊन नेतो, आणि पृष्ठावर रुपेरी करडे तंतू तेवढे उरतात. तरुणाने आधी काळपट अस्तर दिले, मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिकट करडा रंग ओढला, आणि फळ्यांच्या सांध्यांत पातळ काळसर रंग मुरू दिला. एवढे कोणालाही शिकता येईल. परंतु ढालीच्या मागे मूठ आहे; तेथे त्याने करडेपणा थांबविला असून, हाताच्या घामाने वर्षानुवर्षे चढावी तशी गडद तांबूस झिलई दिली आहे. ती जागा आम्ही भिंग घेऊन पुनःपुन्हा पाहिली. शिवाय शिरांच्या रेघा त्याने मोजक्याच काढल्या. ही मूर्ती खऱ्या देहाच्या सुमारे साठाव्या हिश्श्याची; तीवर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे प्रत्यक्षात तीन सेंटीमीटरांची भेग. लाकडाची प्रत्येक शीर काढू पाहणारा रंगारी ढाल रंगवीत नाही, फोडून ठेवतो.

पिंपाविषयी विशेष बोलण्यासारखे नाही. कड्यांखाली गंज ओघळला आहे, इतकेच.

गाड्याच्या चाकापाशी मात्र आमची निराशा झाली. तुंबा, आरे, घेराचे लाकूड, सर्वांवर तोच ढालीचा करडेपणा! चाकाचे वार्धक्य असे एकजिनसी नसते. तुंबा वंगणाने काळाभोर आणि धुळीने दाट झालेला. आरे उन्हापावसाने करडे. धावेलगतचे लाकूड चिखलाने मातकट आणि दगडांनी खरचटलेले. त्यातून कोकणातल्या पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या चाकाचा जमिनीस टेकलेला भाग आधी शेवाळतो आणि मग कुजतो. आमच्या तरुणाचा करडेपणा कोरड्या परमुलखातला आहे. तो त्याने दुसऱ्या कोणी रंगविलेल्या चाकावरून उचलला, खऱ्या चाकावरून नव्हे.

आणि हे सर्व गावे सोडून पनवेलीस घडावे! जुन्या गॅझेटियरात या गावाचा मुख्य धंदा म्हणून गाडीची चाके करण्याच्या कामाची नोंद आहे; घाटावरून आलेला गाडीवान परतताना येथील चाकांची एक जोडी नेण्याची खटपट करी. त्याच गावच्या मुलास चाक पाहावयास मिळू नये, यात दोष त्याचा थोडा. २०१६ साली येथे महानगरपालिका झाली. वाडे पाडून इमारती उठत आहेत, आणि मधोमध पायांनी झिजलेले, कडांना हळदकुंकू मुरलेले उंबरठे वाड्यांबरोबरच जात आहेत. तरुणाने तेही रंगवावयास हवे होते, असे म्हणण्याचा मोह आम्ही आवरतो. राक्षसाच्या गुहेस उंबरठा नसावा.

आमच्या एका स्नेह्यांच्या परसात एक मोडके चाक भिंतीस टेकून उभे आहे. ते आम्ही त्यास दाखविले. बराच वेळ तो ते चाचपीत बसला, आणि तुंब्याच्या भोकात घातलेले बोट अजूनही काळे होऊन बाहेर येते याचे त्यास मोठे नवल वाटले. वेताळाचे चाक तो आता खरवडून पुन्हा रंगवीत आहे. ढालीस हात लावू नये, एवढे आम्ही त्यास बजाविले आहे.