हॅमस्टरला मुरुम येत नाहीत

मंडळी, सालेकसा तालुक्यात शेळ्या नाहीत असं गाव शोधावं लागेल, म्हणून सुरुवात बोकडापासून करू. माजलेला बोकड दिसायच्या आधी वाऱ्यावरच कळतो. तोच लहानपणी खस्सी केला, तर तो दर्प येत नाही. शेळ्या राखणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. हा वास मुख्यतः डोक्या-मानेवरच्या तैलग्रंथींतून येतो, आणि त्या ग्रंथी चालतात वृषणातल्या टेस्टोस्टेरॉनच्या हुकमावर. म्हणजे संप्रेरक आणि त्वचेचं तेल यांचा मूळ प्रयोग आपल्या गोठ्यात पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. फक्त त्यावर कुणी निबंध लिहिला नाही.

निबंध लिहिला तो माणसांवर. वयात येण्याआधी वृषण गेलेल्या पुरुषांना मुरुम येत नाहीत, पण त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं की काहींना येतात, असं जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन संशोधकानं १९४१ साली दाखवलं. पण माणसांवर असे प्रयोग हवे तसे करता येत नाहीत. मग प्राण्याचा शोध सुरू झाला आणि संशोधक येऊन थांबले ते हॅमस्टरवर.

हॅमस्टर म्हणजे उंदराच्या जातकुळीतला, गालात दाणे साठवणारा प्राणी. त्याच्या दोन्ही कुशींवर एकेक काळपट ठिपका असतो. खाली तैलग्रंथींचा गठ्ठा. नरात तो मोठा, मादीत लहान. नराचे वृषण काढले की ठिपका आक्रसतो, मादीला टेस्टोस्टेरॉन दिलं की फुगतो. पट्टी घेऊन मोजता येतो हो! संशोधकाला यापेक्षा सोयीचं काय हवं?

आमचा आक्षेप नेमका या सोयीवर आहे. ठिपक्याला आपण जो प्रश्न विचारतो, त्याचं उत्तर तो प्रामाणिकपणे देतो: हे द्रव्य अँड्रोजेनला अडवतं का? २०२० साली अमेरिकेत मंजूर झालेलं क्लास्कोटेरोन हे लावायचं औषध आधी या ठिपक्यावर तपासलं गेलं होतं, आणि ते माणसातही उपयोगी ठरलं. इथवर आमची तक्रार नाही. पण मग त्याच ठिपक्याकडून मुरुमाचंही उत्तर काढलं जातं. हॅमस्टरला मुरुम येतच नाहीत! मुरुम होण्यासाठी तेल लागतं हे खरं, पण रोमछिद्राचं तोंड बुजावं लागतं, आत जंतू वाढावे लागतात, सूज यावी लागते. ठिपक्यात यातलं काय मोजलं? फक्त तेलाची ग्रंथी.

आणि तेल तरी तेच आहे का? माणसाच्या त्वचेच्या तेलात साधारण बारा टक्के स्क्वालीन असतं. उंदराच्या तेलात ते जवळजवळ नसतं. सॅपिएनिक आम्लाचं तर नावच होमो सेपियन्सवरून पडलं.

ही साखळी कुठे तुटते ते २००४ साली छापून आलेल्या एका चाचणीत दिसलं. तैलग्रंथीत टेस्टोस्टेरॉनचं अधिक जोरकस रूप करणारं एक विकर आहे. ते अडवणारी गोळी मुरुमांच्या रुग्णांना दिली. कागदावर हिशेब चोख होता. प्रत्यक्षात ती बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरली नाही. दोष हॅमस्टरचा नव्हता. ग्रंथीचं उत्तर चेहऱ्याचं उत्तर मानण्याचा होता.

बरं, माणसाचं तेल माणसावर मोजणं अशक्य होतं, असंही नाही. १९६१ सालीच स्ट्रॉस आणि पोची यांनी कपाळावर सिगारेटचा कागद तीन तास लावून तेल वजन करून दाखवलं. १९९९ मध्ये माणसाच्या तैलग्रंथीच्या, बशीत वाढणाऱ्या पेशी उपलब्ध झाल्या. आपल्या देशात २०१४ पासून सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी बंद आहे, औषधांची नाही. फेसवॉश आणि मुरुमाचं औषध यांत कायदा असा फरक करतो, आणि तो करायलाच हवा असं आमचं मत आहे.

कारण आता उलट बाजू. समोर बऱ्याच मुली बसल्या आहेत, म्हणून हे जरा थांबून सांगतो. आयसोट्रेटिनॉइन हे तैलग्रंथी आक्रसवणारं औषध अमेरिकेत १९८२ साली बाजारात आलं. प्राण्यांवरच्या चाचण्यांत त्यानं गर्भात व्यंग होतं हे आधीच दिसलं होतं, आणि गरोदरपणात घेऊ नये ही सूचना पहिल्या दिवसापासून होती. तरी पुढच्या दोन-तीन वर्षांत व्यंग असलेली बाळं जन्मली, त्याची नोंद १९८५ च्या अहवालात आहे. इथे प्राणी खरं बोलले होते. माणसांपर्यंत ते पोचलं नाही. मुरुमांसाठी ही गोळी मैत्रिणीच्या चिठ्ठीवर, तिच्या उरलेल्या पत्त्यातून घेतली जाते, तेव्हा तो इशारा दुसऱ्यांदा हरवतो. ती चालू असताना आणि बंद केल्यावर निदान महिनाभर गर्भ राहू द्यायचा नसतो. डॉक्टरांनी गरोदरपणाची तपासणी करायला सांगितली, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.