नारायामा बुशिको

वार्धक्य व मृत्यू या विषयांवरील एक जपानी कथा आणि तीवर आधारलेले दोन श्रेष्ठ चित्रपट. नारायामा म्हणजे ओकवृक्षांचा डोंगर. शीर्षकाचा अर्थ स्थूलमानाने ‘नारायामाच्या गीतांचा विचार’ असा होतो. मूळ दीर्घकथा शिचिरो फुकाझावा (१९१४–८७) या गिटारवादक लेखकाने १९५६ मध्ये लिहिली. तीवरून केइसुके किनोशिता (१९१२–९८) याने १९५८ मध्ये व शोहेइ इमामुरा (१९२६–२००६) याने १९८३ मध्ये चित्रपट काढले. इमामुराच्या चित्रपटास १९८३ च्या कॅन महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक लाभले.

वृद्धांना डोंगरावर सोडून येण्याच्या ‘ओबासुते’ या जपानी लोककथेचा कथेस आधार आहे. अशी रूढी प्रत्यक्षात सर्रास पाळली जात होती, यास भक्कम ऐतिहासिक पुरावा नाही. त्यामुळे या कृतींकडे इतिहास म्हणून न पाहता नीतिकथा म्हणून पाहणे उचित ठरते. अन्नाची सदैव टंचाई असलेल्या एका डोंगरी खेड्यात सत्तरी गाठलेल्या माणसाला थोरल्या मुलाने पाठीवर घेऊन नारायामावर न्यावयाचे व तेथेच सोडावयाचे, असा दंडक आहे. एकोणसत्तर वर्षांची ओरिन धडधाकट आहे. तिचे दात शाबूत असल्याबद्दल गावात तिच्यावर गाणी रचली जातात, नातूही ती म्हणतो. कारण जेथे अन्न अपुरे, तेथे म्हातारपणी चांगले दात असणे ही लाजेची बाब ठरते. अखेर ती स्वतःच दगडावर आपटून आपले दात पाडते. विधुर मुलगा तात्सुहेइ याला नवी बायको मिळाल्यावर तिला मासे पकडण्याची आपली गुप्त जागा दाखवून ओरिन प्रस्थानास सिद्ध होते.

किनोशिताने संपूर्ण कथा काबुकी रंगभूमीच्या संकेतांनुसार मांडली. काळ्या वेषातील निवेदक, शामिसेन वाद्याच्या साथीने गायिलेले निवेदन, स्टुडिओत उभारलेले नेपथ्य आणि एकाएकी बदलणारी रंगीत प्रकाशयोजना यांमुळे प्रेक्षक कथेपासून काही अंतरावर राहतो. शेवटी ओबासुते या आधुनिक रेल्वेस्थानकाचे दृश्य येते आणि हे अंतर एकदम नाहीसे होते. इमामुराने याउलट प्रत्यक्ष डोंगराळ प्रदेशात चित्रण केले. साप, उंदीर, कीटक यांच्या मैथुनाची व भक्षणाची दृश्ये तो माणसांच्या व्यवहारांना जोडून दाखवितो. फुकाझावाच्याच दुसऱ्या एका कथेतील भागही त्याने यात गुंफला आहे. ओरिनची भूमिका अनुक्रमे किनुयो तानाका व सुमिको साकामोतो या, त्या वेळी पन्नाशीही न गाठलेल्या, अभिनेत्रींनी केली. केन ओगाताचा अपराधभावाने वाकलेला तात्सुहेइ हा दुसऱ्या चित्रपटाचा मोठाच आधार होय.

ओरिनच्या स्वेच्छामरणात त्यागाचा गौरव पाहण्याची प्रवृत्ती आढळते. तथापि हा अर्थ अपुरा आहे. खेड्यात न्यायालय वा शिपाई नाही. गीत हाच तेथील कायदा आहे. लहानपणापासून कानी पडलेल्या गीतांनी ओरिनची इच्छा घडविली आहे, आणि म्हणूनच ती आज्ञेवाचून निघते. शेजारचा म्हातारा माता याची तशी इच्छा घडलेली नाही; तो जगू पाहतो, तेव्हा त्याचा मुलगा त्याला दोरीने बांधून कड्यावरून लोटतो. संमती असो वा नसो, शेवट एकच आहे. शिवाय ओरिन केवळ बळी नाही. इमामुराच्या चित्रपटात धान्यचोर कुटुंबाला गाव जिवंत गाडते, त्या वेळी त्या घरची लेक व नातवाची गर्भवती सोबतीण मात्सू हिला तिकडे पाठविणारी ओरिनच असते. तिचा प्रेमळपणा व तिचे क्रौर्य एकाच हिशेबातून येतात.

इमामुराच्या पद्धतीचा धोकाही येथेच आहे. प्राणिसृष्टीशी वारंवार तुलना केल्याने माणसांनी केलेला नियम निसर्गनियमासारखा अटळ भासू लागतो. किनोशिताच्या चित्रपटात रंगमंचाची कृत्रिमता उघड असल्यामुळे रूढीही मानवनिर्मित आहे, याचा विसर पडत नाही. मात्र भुकेची शारीरिक दाहकता त्यात उणावते. या दृष्टीने दोन्ही चित्रपट परस्परपूरक ठरतात.

दोहोंचा उत्कर्षबिंदू मात्र समान आहे. डोंगरावर बोलावयाचे नाही व परतताना मागे वळून पाहावयाचे नाही, असा नियम असतो. आईला हाडांच्या राशींत सोडून निघालेल्या तात्सुहेइला वाटेत हिमवर्षाव गाठतो. हिम पडणे हा शुभशकुन. त्याने मरण लवकर येते. तो नियम मोडून माघारी धावतो आणि हिम पडत असल्याचे आईला ओरडून सांगतो. ती हातानेच त्याला जाण्यास खुणावते. गीतांनी न शिकविलेली कृती त्याच्याकडून येथे प्रथमच घडते. तिने रूढी बदलत नाही, आईही वाचत नाही; परंतु रूढी माणसाला पूर्णपणे गिळू शकलेली नाही, याचा तेवढाच पुरावा या कथेत शिल्लक राहतो.