ओवीतलं दुःख मोजताना

'लोकगीतांतली स्त्रीमुक्ती' असा विषय घेऊन प्रपोजल लिहायला बसला असाल तर जरा थांबा. परवा बोईसरच्या एका ज्युनिअरने तिचा मसुदा वाचायला दिला. जात्यावरच्या ओव्यांतले सासर, माहेर, दुःख असे शब्द मोजून तक्ता केलेला. 'माहेर' सर्वात जास्त वेळा, म्हणून माहेर म्हणजे स्वातंत्र्याची ओढ. मोजणी बरोबर, निष्कर्ष कच्चा.

मी रसायनशास्त्रातली. खाडीचं पाणी भरतीला घेतलं की ओहोटीला, हे न लिहिता दिलेल्या आकड्याला आमच्याकडे कुणी विचारत नाही. ओवीचंही तसंच. ती पहाटेची, घर झोपलेलं असतानाची. ऐकणारी असलीच तर जात्याच्या खुंट्याला हात लावून समोर बसलेली दुसरी बाई. म्हणून तर तिथे बोलता येतं, आणि तेही आडून. नवऱ्याला विचारता येत नाही ते सीतेला वनात धाडणाऱ्या रामाला विचारता येतं. बायकांच्या रामकथेत कैकेयी सीतेकडून रावणाच्या पायाचा अंगठा काढून घेते आणि तेच चित्र तिच्यावर उलटवते. वाल्मीकींकडे हे नाही. हे घरातलं आहे. तक्त्यात अशी ओवी 'भक्ती'च्या रकान्यात जाते! माहेरच्या ओव्यांतही ओढीच्या शेजारीच बापावरचा राग असतो, इतक्या लांब दिल्याचा. ज्या घराने देऊन टाकलं त्यालाच स्वातंत्र्य कसं म्हणायचं?

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८०च्या दशकापासून सहकाऱ्यांसोबत एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. 'परी'च्या संकेतस्थळावर त्यांतल्या अनेक वाचता-ऐकता येतात. तिथे माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आहेत, १९९६ साली ध्वनिमुद्रित केलेल्या. त्या जरूर ऐका. मुक्तीची भाषा तिथे उघड आहे, चाल मात्र तीच जात्याची. एवढ्या मोठ्या संग्रहाची एक मर्यादाही आहे: बहुतेक ओव्या कागदावर उतरवलेल्या, आवाज थोड्यांचाच. बाई कोणती ओळ परत परत घोळवते, कुठे थांबते, हे कागदावर दिसत नाही. निष्कर्ष काढताना एवढं तरी लिहा.

आणि आपण पालघरवाले. आपल्याकडच्या वारली लग्नात धवलेरी गाते, लग्न लावणारी तीच. इथे बाईचा आवाज लपून नाही, त्याच्याशिवाय लग्नच लागत नाही. मग वारली बाई स्वतंत्र होती असं लिहायचं का? गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) उघडा. १९४५च्या उठावाआधी तलासरी-डहाणूकडे लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेतलेला वारली त्याचा 'लग्नगडी' व्हायचा. राबायचं त्याने, आणि त्याच्यासोबत त्याच्या बायकोनेही. म्हणजे ज्या लग्नात धवलेरी गायची, त्याच लग्नाने नवरीला वेठीला बांधलेलं असायचं. हे कर्ज गाण्याच्या शब्दांत शोधून सापडेलच असं नाही. त्यासाठी गाण्याबाहेर जावं लागेल.

ज्युनिअरने तक्त्यात आता 'कुणाला उद्देशून' असा रकाना वाढवलाय. धवलेरीची गाणी मात्र अजून ओव्यांच्याच फाइलमध्ये आहेत.