बाकी काय उरते? : खंडित आणि आवर्ती दशांशांच्या धड्याविषयी

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या आमच्यासारख्यांनी शाळेच्या गणिताविषयी कशाला बोलावं, असं काहींना वाटेल. पण 'हे असंच असणार, हे तुला कशावरून कळलं?' हा आमचा जुना प्रश्न मुलांना सहज विचारता येईल असा एक धडा शाळेच्या पुस्तकात आहे. दशांश रूपांचा. आणि आपण तो प्रश्न तिथे विचारत नाही, ही आमची तक्रार आहे.

आमच्या शेजारी नववीतली एक मुलगी राहते. एकदा वही घेऊन आली. प्रश्न होता, १/१७ चं दशांश रूप कोणत्या प्रकारचं? तिने कॅल्क्युलेटरवर भाग दिला. आलं ०.०५८८२३५. संपतही नाही आणि ओळीने तेच अंक परतही येत नाहीत. म्हणून तिने लिहिलं, 'अखंड, अनावर्ती'. त्यावर लाल फुली, आणि शेजारी शेरा : छेदाचे अवयव पाहा, नियम पाठ करा. ती म्हणाली, "आजोबा, चुकलं ते कळलं. पण मला दिसलं तेच मी लिहिलं ना?"

हे म्हणणं नीट ऐकायला हवं. कारण तिला शिकवलं होतं ते बघायलाच. फळ्यावर १/३ मांडलं, ०.३३३ आलं. ५/११ मांडलं, ०.४५४५ आलं. 'पाहा मुलांनो, तेच अंक परत येतात', असं म्हणून वर आडवी रेघ दिली. मुलीने १/१७ कडेही तसंच पाहिलं, आणि पाहणं कमी पडलं. म्हणजे शिकवताना आपण डोळ्यांवर भिस्त ठेवली, आणि तपासताना नियम पुढे केला. मधली जागा रिकामीच राहिली. कारण सांगण्याची जागा होती ती.

आपल्याकडे ही भानगड फार जुनी आहे. धूर दिसला की अग्नी असतो, हे शंभरदा पाहिलं. पण म्हणून नेहमीच असेल का? नुसत्या भूयोदर्शनाने, म्हणजे पुन्हा पुन्हा पाहण्याने, व्याप्ती सिद्ध होत नाही, असा चार्वाकांचा आक्षेप होता. पुढे युरोपात डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकात तसाच पेच टाकला. धूर आणि अग्नीच्या बाबतीत हा पेच सुटायला कठीण आहे. भागाकाराच्या बाबतीत मात्र तो नववीतल्या मुलालाही सोडवता येतो, आणि तोही कागद-पेन्सिलीने.

कसा, ते पाहू. १ ला ७ ने भागायचं. १० मधून सात एके सात गेले, बाकी ३. ३० मधून सात चोक अठ्ठावीस गेले, बाकी २. पुढच्या बाक्या येतात ६, ४, ५ आणि मग १. ज्या १ पासून निघालो, तिथेच परत आलो. आता भागाकाराच्या अंकांकडे पाहूच नका, बाकीकडे पाहा. १७ ने भागताना बाकी शून्य आली तर काम संपलं. नाही आली, तर ती १ ते १६ यांतलीच असणार. सोळा पाटांची पंगत आहे असं समजा. प्रत्येक पायरीला एक पाहुणा येतो आणि आपल्या बाकीच्या पाटावर बसतो. सतरावा पाहुणा आला की त्याला बसलेल्याच्याच पाटावर जावं लागणार, दुसरी सोयच नाही. आणि एकदा तीच बाकी आली, की पुढचा सगळा रस्ता तोच.

१/१७ च्या पंगतीत सोळाही पाट भरतात. ०५८८२३५२९४११७६४७, आणि मग पुन्हा ०५८८. कॅल्क्युलेटरची खिडकी त्यातले सातच अंक दाखवत होती. मुलीचे डोळे ठीक होते, खिडकी लहान होती. पण खिडकी कितीही मोठी केली तरी '१/१९८३ चं काय?' हा प्रश्न उरतोच. पाटांचा विचार तो एका झटक्यात मिटवतो. तिथे पाहावं लागत नाही. असणारच, हे कळतं.

टीका करताना न्यायही करायला हवा. एनसीईआरटीच्या २००६ सालच्या नववीच्या पुस्तकात १/७ चा भागाकार मांडून मुलांना बाक्यांकडे पाहायला सांगितलं आहे. दिशा बरोबर आहे. पण परीक्षेला येतो तो नियम : छेदात २ आणि ५ शिवाय दुसरा मूळ अवयव नसेल तर खंडित, असेल तर आवर्ती. मग वर्गातही तेवढंच उरतं. आधी अपूर्णांक संक्षिप्त करायचा, हेही कित्येकदा निसटतं, आणि ६/१५ मधला ३ पाहून मुलं 'आवर्ती' लिहून मोकळी होतात. ते तर २/५, म्हणजे सरळ ०.४.

आणि २ व ५ च का? हेही कोणी विचारत नाही. आपण दहाने मोजतो आणि दहाचे अवयव २ आणि ५ आहेत, म्हणून. आमच्या पिढीने हा फरक खिशात अनुभवला आहे. जुना रुपया सोळा आण्यांचा, आणा बारा पैंचा; म्हणजे रुपयाच्या १९२ पै. त्याचा तिसरा हिस्सा पाच आणे चार पै, अगदी चोख. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि तिघांत वाटताना ३३ पैसे देऊन एक पैसा उरू लागला. उलट पाचवा हिस्सा जुन्या हिशेबात पैपर्यंत जाऊनही नीट पडत नसे. नव्या हिशेबात बरोबर २० पैसे. तिसरा हिस्सा बदलला का? नाही. आपली मोजण्याची रीत बदलली. 'न संपणं' हा त्या संख्येचा स्वभाव नव्हे, आपण तिला घातलेल्या कपड्याचा प्रश्न आहे. हे न सांगितल्यामुळे १/३ ही संख्याच कुठेतरी अपुरी आहे, अशी समजूत मोठेपणीही टिकते.

त्यात आपले शब्दही घोटाळा करतात. वीजपुरवठा खंडित होतो, म्हणजे चालू राहायला हवं ते मध्येच तुटतं. १/८ = ०.१२५ मध्ये काय तुटलं? काहीच नाही, काम पुरं झालं. तुटलेलं आहे ते १/३ ऐवजी ०.३३ लिहिणं; आणि त्याला मुलं बिनधास्त 'बरोबर' चिन्ह लावतात. हिंदी पुस्तकांत 'सांत' हा शब्द आहे, ज्याला अंत आहे ते. तो आपणही घ्यायला हरकत नसावी.

मग करायचं काय? फार नाही. वर्गात एक तास द्यावा, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवावा, आणि भागाकार करताना बाक्या समासात लिहायला लावाव्यात. नियम मुलं स्वतःच सांगतील. या तासावर पुढचं बरंच अवलंबून आहे. प्रत्येक अपूर्णांक संपतो किंवा फिरून येतो, हे ज्याला कारणासह कळलं, त्यालाच २ च्या वर्गमुळाचे अंक कधीच फिरून येत नाहीत या वाक्याचं वजन कळेल. बाकीच्यांसाठी परिमेय आणि अपरिमेय या पाठ करायच्या दोन याद्या. आणि जे मूल 'नियम आहे म्हणून' एवढ्यावर गप्प बसायला शिकतं, ते गणितापुरतंच गप्प बसतं असं नाही.

त्या मुलीने आमच्या ओसरीवर बसून १/१७ हाताने केलं. सोळा पायऱ्या, मध्ये दोनदा खोडलं. शेवटी बाकी १ आली तेव्हा हसली, आणि लगेच विचारलं, "आजोबा, मग १/१३ चे सगळे बारा पाट भरतात?" भरत नाहीत, सहाच भरतात. का, ते आम्ही तिला सांगितलेलं नाही. तुम्हीही घरी करून पाहा, पुढच्या वेळी बोलू.