अंधारातला बाण

धनुर्विद्येची गोष्ट निघाली म्हणजे हल्लीच्या बहुश्रुत वाचकास प्रथम आठवतो तो अर्जुन, आणि त्याच्या पाठोपाठ एक लहानसे जर्मन पुस्तक. ऑयगेन हेरिगेल नावाच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाचे हे पुस्तक १९४८ साली प्रसिद्ध झाले. १९५३ मध्ये सुझुकी ह्या जपानी पंडिताच्या प्रस्तावनेसह त्याचे इंग्रजी भाषांतर 'झेन इन द आर्ट ऑफ आर्चरी' ह्या नावाने निघाले. आणि तेव्हापासून ज्यांनी जन्मात धनुष्य हाती धरले नाही अशांच्याही कपाटांत ते मानाने विराजमान झालेले आहे. आमचा ह्या पुस्तकावर राग नाही. ते फार सुंदर लिहिलेले आहे. परंतु एखाद्या विद्येवरील ग्रंथाने त्या विद्येशी प्रामाणिकही असावे लागते, आणि ह्या कसोटीस हेरिगेलचा ग्रंथ कितपत उतरतो हे एकदा पाहिले पाहिजे.

हेरिगेल १९२४ पासून १९२९ पर्यंत जपानात सेंडाई येथील विद्यापीठात अध्यापक होता. झेन पंथाचे रहस्य जाणावे ह्या इच्छेने त्याने आवा केन्झो ह्या धनुर्धर गुरूचे शिष्यत्व पत्करले. जपानी धनुष्य पुरुषभर उंचीहूनही मोठे असते. ते मधोमध न धरता बरेच खाली धरतात, आणि दोरी ओढतात ती अंगठ्याने. (येथे एकलव्याची आठवण व्हावी. अंगठा दिल्यावर तो बोटांनी दोरी ओढू लागला व त्याची पहिली चपळाई राहिली नाही, असे आदिपर्व सांगते. आज ऑलिंपिकच्या मैदानावर दोरी ओढली जाते ती तीन बोटांनीच, अंगठ्यावाचून. म्हणजे एकलव्याच्या ह्या दुसऱ्या रीतीनेच!) गुरूचा आग्रह असा की, बाण तू सोडावयाचा नाहीस, तो आपोआप सुटला पाहिजे. शिष्य महिनोगणती झटतो, चिडतो, आणि शेवटी सुट्टीत समुद्रकाठी बसून बोटांची एक युक्ती शोधून काढतो. परत आल्यावर तो ती करून दाखवितो. तेव्हा गुरू त्याच्या हातातून धनुष्य काढून घेतात आणि त्याच्याकडे पाठ फिरवून बसतात. पुस्तकातील हा भाग आम्हांस सर्वांत सरस वाटतो. एका पंडिताने आपली फजिती इतक्या सरळपणे सांगितलेली विरळाच आढळते.

पण ज्या प्रसंगामुळे पुस्तकाची कीर्ती झाली तो निराळा आहे. लक्ष्याकडे न पाहता नेम लागतो कसा, अशी शंका शिष्य काढतो. गुरू त्यास रात्री बोलावतात. लक्ष्यापुढच्या वाळूत एक बारीक उदबत्ती तेवढी जळते आहे, बाकी सारा काळोख. गुरू एकामागून एक दोन बाण सोडतात. दिवा लावून पाहतात तो पहिला बाण लक्ष्याच्या मध्यभागी रुतलेला, आणि दुसऱ्याने पहिल्याचे शेपूट चिरून त्याच्याच शेजारी जागा घेतलेली! ह्याचे श्रेय गुरू स्वतःकडे घेत नाहीत. नेम मारणारे कोणी निराळेच आहे असे सुचवितात. शिष्याच्या साऱ्या शंका त्याच क्षणी गळून पडतात, आणि त्याच्याबरोबर पुष्कळ वाचकांच्याही.

यामादा शोजी ह्या जपानी संशोधकाने २००१ साली ह्या कथेची कसून छाननी केली. त्याचे निष्कर्ष पुस्तकाच्या भक्तांस कडू लागतील असे आहेत. हेरिगेलला जपानी भाषा बेताचीच येत होती. सारे बोलणे दुभाष्याच्या द्वारे चाले, आणि गुरूंचे बोलणे परस्परविरोधी वाटले म्हणजे आपण त्यातला काही भाग वगळीत असू, असे त्या दुभाष्यानेच पुढे नमूद केले आहे. त्या रात्री तर दुभाष्याही हजर नव्हता. बाण मारणारे जे 'कोणी निराळे' ते म्हणजे बहुधा गुरूचा 'हां, हे जमले' अशा अर्थाचा साधा उद्गार असावा, असा यामादाचा तर्क आहे. शिवाय आवा केन्झो हे झेन पंथाचे साधक नव्हतेच; त्यांचा स्वतःचा एक निराळा मार्ग होता. आणि त्या दोन बाणांविषयी विचारता, तो निव्वळ योगायोग होता, तसे काही दाखविण्याचा माझा हेतू नव्हता, असे गुरूंनी आपल्या दुसऱ्या एका शिष्यास सांगितले होते. (हेरिगेल पुढे नाझी पक्षात गेला, ही गोष्टही पुस्तकाच्या वेष्टनावर सहसा छापत नाहीत; पण तो विषय येथला नव्हे.) शिवाय, बाणाने बाण चिरणे ह्यात धनुर्धरांना मोठेसे कौतुकही नाही, त्यांच्या दृष्टीने तो चांगल्या बाणाचा नाश होय. अठरा मीटरांवरील बंदिस्त जागेच्या सामन्यांत एकाखाली एक तीन लहान लक्ष्ये मांडून प्रत्येकावर एकच बाण मारावयाचा, अशी सोय करतात. बाणांनी एकमेकांस फोडू नये हा तिचा एक उपयोग.

आता आपल्याकडे वळू. अंधारातल्या बाणाची कथा आमच्या आदिपर्वातही आहे, आणि ती हेरिगेलच्या कथेशेजारी ठेवून कोणी वाचली असती तर पुष्कळसे धुके तेव्हाच निवळले असते. अर्जुनास अंधारात अन्न वाढू नये, अशी द्रोणांनी स्वयंपाक्यास गुप्तपणे ताकीद दिलेली असते. एके रात्री अर्जुन जेवीत असता वाऱ्याने दिवा विझतो. पण हात मात्र न चुकता तोंडाकडे जातच राहतो. अर्जुनाच्या मनात प्रकाश पडतो: हा अभ्यासाचा प्रभाव! तो उठून रात्रीच धनुष्याचा सराव करू लागतो. दोरीचा टणत्कार ऐकून द्रोण येतात व त्यास मिठी मारतात. व्यासांनी येथे दैवी असे काही आणलेले नाही. अस्त्रांच्या मंत्रांनी दिशा पेटविणाऱ्या ह्याच ग्रंथात, अंधारात नेम कसा लागतो ह्याचे उत्तर मात्र भाताच्या घासाने दिलेले आहे! दोन्ही कथांत काळोख तोच, बाण तेच. पण एका कथेतून वाचक गुरूच्या पायांवर डोके ठेवून उठतो, आणि दुसरीतून उठतो तो हातात धनुष्य घेऊन. पक्ष्याच्या डोळ्याची गोष्ट सांगताना आम्हीही असाच थोडा रंग भरला आहे. मुळात अर्जुनास दिसते ते झाडावरील कृत्रिम भास पक्ष्याचे मस्तक. पुढे कथेकऱ्यांनी त्याचा डोळा केला.

व्यास खरे की हेरिगेल, ह्याचा निकाल आज मैदानावर मागता येतो. १९०० ते १९२० ह्या काळात चारदा ऑलिंपिकमध्ये येऊन नाहीशी झालेली तिरंदाजी १९७२ साली परत आली, ती पुन्हा न जाण्यासाठी. लक्ष्य सत्तर मीटर दूर. त्याचा व्यास १२२ सेंटिमीटर, आणि ज्यास पुरे दहा गुण मिळावयाचे ते मधले वर्तुळ अवघे १२.२ सेंटिमीटरांचे. ह्या धनुष्याच्या दांड्यावर धातूची एक चिमुकली पातळ पट्टी बसविलेली असते, तिला क्लिकर म्हणतात. बाण ठरल्या मापापर्यंत ओढला गेला की ती टक् करून वाजते, आणि त्या आवाजासरशी बोटे सैल पडतात. केव्हा सोडावे हा विचार तिरंदाजाने करावयाचाच नाही! हेरिगेलच्या गुरूने वर्षानुवर्षे जे घोटून घेतले त्याचाच हा एक अंश नव्हे काय? तेव्हा हेरिगेलला आलेला अनुभव खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. हजारो वेळा केलेली क्रिया करणाऱ्यास आपली वाटेनाशी होते, हे कोणत्याही सतारियास विचारावे. त्या हजारो वेळांचा हिशेब सोडून हेरिगेलने फळ तेवढे अदृश्य शक्तीच्या खाती जमा केले, ही आमची तक्रार आहे.

दक्षिण कोरियाच्या स्त्रियांनी १९८८ पासून २०२४ पर्यंतच्या दहाही ऑलिंपिकांत सांघिक सुवर्णपदक जिंकले आहे. त्या देशात सुवर्णपदक मिळविलेल्या तिरंदाजासही पुढच्या वेळी निवडीच्या चाचणीत पुन्हा पहिल्यापासून उभे राहावे लागते. आणि चित्त विचलित होऊ नये म्हणून त्यांना बेसबॉलच्या गर्दीच्या मैदानावर गोंगाटात सराव करावयास नेतात. पॅरिस येथे २०२४ साली पुरुषांच्या अंतिम सामन्यात किम वू-जिन व अमेरिकेचा ब्रेडी एलिसन बरोबरीत राहिले. निकालासाठी दोघांनी एकेक बाण मारला. दोघांसही दहाच गुण. किमचा बाण मध्याला पाच मिलिमीटरांहूनही कमी अंतराने अधिक जवळ, म्हणून सुवर्ण त्याचे. हे पाच मिलिमीटर कोठून आले, असे विचारले तर आम्ही अर्जुनाच्या त्या रात्रीकडे बोट दाखवू.

ह्या दृष्टीने पाहता आम्हांस हेरिगेलपेक्षा चारशे वर्षे जुना एक ग्रंथ अधिक आधुनिक वाटतो. केंब्रिजचा ग्रीक पंडित, पुढे राजकन्या एलिझाबेथचा गुरू झालेला रॉजर ॲस्कम ह्याने १५४५ साली 'टॉक्सोफिलस' लिहिला. लॅटिनमध्ये किंवा ग्रीकमध्ये लिहिणे आपणांस सोपे व अधिक मानाचे झाले असते, हे सांगून तो इंग्रजीत लिहितो. मातृभाषेत लिहिण्याबद्दल पंडिताने कारणे द्यावीत हा काळ आमच्या विद्यापीठांतही फार मागे पडलेला नाही. आठव्या हेन्रीने ह्या ग्रंथाबद्दल त्यास वर्षाला दहा पौंडांचे वेतन करून दिले. ग्रंथाचा पहिला भाग धनुर्विद्येच्या स्तुतीचा, आणि खरे सांगावयाचे तर कंटाळवाणा. प्राचीनांची उदाहरणे एकावर एक रचलेली. दुसऱ्या भागात मात्र माणूस मैदानावर येतो. उभे कसे राहावे, बाण दोरीस कसा लावावा, ओढावा, धरावा आणि सोडावा, ही पाच अंगे तो सांगतो; आजचे शिक्षकही थोड्याफार फरकाने ह्याच क्रमाने शिकवितात. कोणी ओठ चावतो, कोणी तोंड वेडेवाकडे करतो, कोणी सुटलेल्या बाणामागे ओरडत धावतो, ही त्याने काढलेली तिरंदाजांची चित्रे वाचून आजही हसू आवरत नाही. आणि वाऱ्याचे ते प्रकरण! यॉर्कशायरमध्ये घोड्यावरून जात असता, बर्फाच्छादित रानावर वाऱ्याने उडणारा भुरभुर हिमकण पाहून, एकाच वेळी एका पट्ट्यात वारा वाहतो आणि शेजारचा पट्टा स्तब्ध राहतो, हे त्यास डोळ्यांनी दिसले. तो थांबून थांबून पाहतो आणि त्यावरून तिरंदाजाने काय शिकावे ते लिहितो. इतके डोळस गद्य त्या शतकात फार थोड्यांनी लिहिले असेल. ह्या पुस्तकात बाण चुकतातही. का चुकले ते ॲस्कम सांगतो.

५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिन येथे साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळे ह्याने दीडशेपैकी दीडशे गुण मिळवून पुरुषांत तेच पद मिळविले. असा विजय झाला की आमची लेखणी लागलीच अर्जुनाकडे वळते. वळो, पण पक्ष्याच्या डोळ्यापाशी न थांबता त्या विझलेल्या दिव्यापर्यंत जावी. मुलांसाठी कोणी 'टॉक्सोफिलस'चा दुसरा भाग मराठीत उतरवील तर ते मोठे उपकारक होईल. आजचे बाण कारखान्यात घडविलेले, तेव्हा हंसाच्या पिसांचे लांबलचक प्रकरण गाळावे असे भाषांतरकारास वाटेल. त्याने ते गाळू नये. त्या पक्ष्याचे पीस जसे बाणासच शोभते तशी त्याची लेखणी लिहिण्यासच शोभते, असे तेथे संवादातला धनुर्धर मोठ्या खुशीने म्हणतो.